कथेच्या मैदानावर उलटलेले विमान

इंजिन शेवटपर्यंत चालू होते. हे आधी सांगतो, कारण झाशीत नंतर ज्यांनी ही हकीकत सांगितली, त्या प्रत्येकाने इंजिन बंद पाडले आणि विमान आकाशातून खाली आणले. विमान पडले नाही. ते उतरवले गेले, नीट टेकले, मैदानावर दीडएकशे पावले धावले आणि मग उलटले. त्यानंतर पाऊण तास मी त्यात अडकून होतो. त्या पाऊण तासातले काही मी पाहिले, बरेचसे फक्त ऐकले, आणि काही मला नंतर सांगण्यात आले. कुठले कुठले, ते त्या त्या जागी सांगेन.

पायलट माझा मावसभाऊ होता, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दूरच्या एका शहरात तो विमान चालवायला शिकवत असे. तिथल्या फ्लाइंग क्लबाचे दोन आसनांचे छोटे विमान दुरुस्तीहून परत नेताना तो दोन दिवस झाशीत थांबला होता. मी तेव्हा इथल्या एका हिंदी दैनिकात होतो. त्या मे महिन्यात पूर्वेकडचे तलाव आटले होते आणि ते वरून कसे दिसतात हे संपादकांना हवे होते. परवानगीचा कागद झाला. मऊरानीपुरापर्यंत जायचे, तलाव बघायचे, संध्याकाळच्या आत परत यायचे.

आम्ही दोघे एकमेकांशी दोन भाषांत बोलत असू. मी मराठीत विचारायचे, त्याने हिंदीत उत्तर द्यायचे. खंडेराव गेटजवळच्या मावशीच्या घरात मराठी त्याच्या कानावर रोज पडली होती. त्याला सगळे कळे, पण जिभेवर हिंदीच येई. झाशीतल्या आम्हा मराठी लोकांच्या बऱ्याच घरांत त्याच्या वयाच्या मुलांचे असेच आहे, त्यामुळे कुणाला ते वेगळे वाटत नसे.

जाताना काही झाले नाही. तलाव पाहिले, वहीत नोंदी केल्या. परत फिरून दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा त्याने समोरच्या एका काट्यावर बोटाने टकटक केली.

"काय आहे ते?" मी विचारले.

"तेल का प्रेशर। कम दिखा रहा है।"

"इंजिन बंद पडेल?"

"शायद नहीं।"

"मग?"

"शायद के भरोसे घर नहीं जाते, दादा। और सामने देखो।"

समोर पश्चिमेला जमिनीपासून निघालेली पिवळट तपकिरी भिंत उभी होती. आँधी, म्हणजे धुळीचे वादळ, येत होती. झाशी त्या भिंतीच्या पलीकडे होती.

त्याने मला समजावून सांगितले, तेही वर्गात सांगावे तसे, न घाबरता. इंजिन चालते आहे, पेट्रोल आहे, उजेड आहे. हे सगळे असतानाच आपल्या पसंतीची जागा शोधून उतरायचे. याला ते लोक प्रिकॉशनरी लँडिंग म्हणतात. "मजबूरी में नहीं, मर्ज़ी से उतर रहे हैं," तो म्हणाला.

जागा त्याला लवकर मिळाली. एका गावाच्या कडेचे लांब सपाट मैदान, खांब नाहीत, तारा नाहीत. एका टोकाला मोठा मांडव होता. नियमाप्रमाणे भावाने आधी एकदा विमान खाली आणून, झाडाच्या उंचीवरून, मैदानावरून नेले. जमीन कोरडी, कडक, भेगा पडलेली होती. हे मी स्वतः पाहिले. मांडवातून माणसे बाहेर आली आणि हात हलवू लागली. मीही हात हलवला.

"हाथ मत हिलाओ, दादा। आ जाएँगे।"

मग तो वर चढला आणि मैदानाला वळसा घालून पुन्हा उतरायच्या रेषेत येऊ लागला. यात सहासात मिनिटे गेली.

त्या सहासात मिनिटांत खाली काय झाले, ते मला टँकर चालवणाऱ्या माणसाने नंतर सांगितले. गावात भागवत कथा बसली होती. मांडवात धूळ उडू नये म्हणून एक ट्रॅक्टर पाण्याचा टँकर ओढत दिवसातून दोनदा शिडकावा करायचा. त्याच मैदानावर हिवाळ्यात एका पुढाऱ्याचे हेलिकॉप्टर उतरले होते. तेव्हा कुणाला पाणी मारायचे सुचले नाही, पुढाऱ्याच्या कपड्यांवर आणि डोळ्यांत धूळ गेली, आणि तहसिलीतल्या साहेबांनी गावाला चारचौघांत सुनावले. गावाने ते मनावर घेतले होते. आता पुन्हा कोणीतरी वरून येत होते, खाली येऊन जागा बघून गेले होते, म्हणजे उतरणार हे नक्की. गावातले एक वडीलधारे टँकरवाल्यावर बुंदेलीत ओरडले, "ठाड़े काए हो? पाउने आ रए, पानी डारो!" त्याने टँकरची तोटी सोडली आणि मैदानाच्या बरोबर मधोमध, पाहुणा जिथे थांबेल असे वाटले तिथे, जाऊन येऊन दोन फेऱ्या मारल्या. कुणीतरी व्यासपीठावरचे हार आणले. त्यांच्या बाजूने सगळी तयारी झाली.

ती माती काळी आहे. कोरडी असली की विटेसारखी, वर पाणी पडले की साबण.

वळसा घेताना माझ्या भावाला एक ट्रॅक्टर मैदानाबाहेर जाताना दिसला आणि वाट मोकळी झाली म्हणून त्याला बरे वाटले. मधला काळा पट्टाही दिसला. धुळीच्या सावल्या तेव्हा सगळीकडे धावत होत्या, ही त्यांतलीच एक असे त्याने धरले. सूर्य समोर होता. ही त्याची चूक, आणि ती त्याने कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

माझी चूक वेगळी. उतरण्याआधी त्याने स्वतःच्या बाजूच्या दाराची कडी उघडली आणि मला म्हणाला, "अपनी तरफ़ की कुंडी खोल दो। झटका लगा तो दरवाज़ा जाम हो जाता है।" मी "हो" म्हणालो. माझ्या एका हातात वही होती, दुसऱ्याने मी आसनाची कड धरली होती. हवेत असताना दार उघडायला हात गेला नाही. कडी तशीच राहिली.

चाके टेकली तेव्हा धक्काही बसला नाही. तो हसला. मग चाके त्या ओल्या काळ्या पट्ट्यात शिरली. त्याने ब्रेक दाबला होता, चाके थांबली, त्यांच्याभोवती माती गोळा झाली, पुढचे चाक मोडले. विमानाचे नाक जमिनीत गेले आणि शेपटी वर येऊ लागली. मला वाटले होते की अशा गोष्टी झटक्यात होतात. हे सावकाश झाले. शेपटी उभी राहिली, जराशी थांबली आणि पलीकडे गेली.

हातातली वही सुटली आणि छतावर जाऊन पडली. त्यावरून छत खाली आहे हे कळले.

मी आसनाच्या पट्ट्यांना लटकत होतो, डोके खाली. पंख वरच्या बाजूला असणारे विमान होते ते. उलटल्यावर पंख जमिनीला लागले, आणि पेट्रोल पंखांत असते. थेंब पडल्याचा आवाज येत होता आणि वास लगेच आला. भावाने बटणे बंद केली. त्याचा डावा हात मनगटाशी भलतीकडे वळला होता.

"दादा, ठीक हो?"

"उजवा पाय निघत नाही."

पायाखालचा पत्रा आत चेपला होता आणि पाऊल त्या पत्र्यात आणि पेडलमध्ये धरले गेले होते. दुखत नव्हते. बूट दिसत होता, माझ्या डोक्याच्या वर.

"बेल्ट मत खोलना," तो म्हणाला. "खोला तो पूरा वज़न पैर पर आएगा।"

त्याने स्वतःचा पट्टा सोडला, खांद्यावर पडला आणि ओरडला. मग माझ्या बाजूचे दार ढकलून पाहिले. ते हलले नाही. कडीबद्दल त्याने काही विचारले नाही. त्याच्या बाजूचे दार वीतभर उघडत होते.

त्या फटीत एक तोंड आले, आडवे, गाल मातीला टेकलेला. टँकरवाला.

"काए भैया, जिन्दा हो?"

"दोई जिन्दा हैं," मी म्हणालो. "पैले बीड़ी बुझवाओ सबकी। पेट्रोल है।"

तो मागे वळून ओरडला. मग गर्दीचा आवाज आला. मला फक्त पाय दिसत होते, पायांची रांग, मातीने भरलेली. बोलणे मात्र स्पष्ट ऐकू येत होते.

"कौन नेता आँय?"

"नेता नइयाँ। कोऊ और है।"

"तो माला काए खों लए ठाड़े?"

"अब लै आए तो पैरा दो।"

ओढून ओढून दार हातभर उघडले. भाऊ सरपटत बाहेर जाऊ शकेल इतके. तेवढ्यात टँकरवाल्याच्या मागून दोर मागितल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी गावातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरला हाक मारली.

त्या भागात भरलेली ट्रॉली उलटली की काय करतात, ते मी अनेक बातम्यांत लिहिले होते. दोर बांधतात, ट्रॅक्टर ओढतो, वीसपंचवीस माणसे एका बाजूने खांदे लावतात, बजरंगबलीचा जयघोष होतो आणि ट्रॉली सरळ होते. ते तेच करणार होते. आँधी जवळ आली होती, विमान पंखांवर डुलू लागले होते आणि बाहेरून कुणीतरी सारखे म्हणत होते, "आँधी आ रई, जल्दी पलटाओ, नईं तो दोई दब जैहैं।" त्यांचा हेतू चांगला होता. विमान पालटले असते तर मी पट्ट्यांसकट त्याच्याबरोबर फिरलो असतो आणि पाऊल पत्र्यातच राहिले असते. शिवाय ट्रॅक्टरच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि खाली चिखलात पेट्रोल होते.

भावाला हे माझ्या आधी कळले. तो दाराकडे सरकला.

मी खाली हात सोडला आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरली.

"नको जाऊस."

"दादा, वे रस्सी बाँध रहे हैं।"

"इथून ओरड."

"ट्रैक्टर चालू है। कौन सुनेगा?"

"मला इथे ठेवून जाऊ नकोस."

त्याने मान मागे वळवून माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही एकमेकांचे तोंड उलटे दिसत होते. मी त्याच्या घरातला मोठा. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला मी नेऊन सोडले होते. मी कॉलर आणखी घट्ट केली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. बाहेर शेपटीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, म्हणजे दोर पडला होता.

"दादा, सोडा," तो म्हणाला. मराठीत.

मी सोडली नाही. त्याने चांगल्या हाताने माझी बोटे एकेक करून उचकटली आणि तो फटीतून बाहेर गेला.

पुढचे ऐकलेले आणि सांगितलेले. तो बाहेर येताच कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. तो हारासकट धावत ट्रॅक्टरपुढे जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. एकच हात वर होता. पुढे जा म्हणतो आहे असे ट्रॅक्टरवाल्याला वाटले. त्याने गिअर टाकला.

हे मला आतून कळले ते असे: सगळे विमान एकदम ताणले गेले आणि चार बोटे सरकले. पाय तेव्हा पहिल्यांदा दुखला. मी ओरडलो असे टँकरवाला सांगतो. मला आठवत नाही.

मग लाउडस्पीकर बोलला. कथा सांगणारे महाराज व्यासपीठावरच होते. भाऊ ट्रॅक्टर सोडून मांडवात धावत गेला, पायरीवरूनच ओरडला, "महाराज जी, पेट्रोल! ट्रैक्टर रुकवाइए!" आणि महाराजांनी वेळ न घालवता, कथेच्याच आवाजात, सांगितले, "ट्रैक्टर बन्द करो। सब जने पाछे हटो। जो जहाँ है, वहीं बैठ जाओ।" पाच दिवस त्या आवाजाने सांगितले की लोक बसत होते. ते बसले. ट्रॅक्टर बंद झाला. पायांच्या रांगेच्या जागी मला गुडघे दिसू लागले.

यानंतरचा वेळ सर्वांत लांब होता. भाऊ आत येऊ शकत नव्हता, एका हाताने तो काही करू शकला नसता. वाऱ्याने विमान वरखाली होत होते आणि प्रत्येक वेळी पत्रा पावलावर थोडा आवळायचा, थोडा सुटायचा. डोक्यात रक्त उतरले होते, डोळ्यांपुढे लाल दिसत होते. फटीतून मातीचा एक तुकडा, त्यावर कुणाची तरी चप्पल, आणि तुटलेल्या हाराचे चार झेंडू दिसत होते. मी भावाला हाक मारली. वाऱ्यात ती पोचली नसावी.

टँकरवाला विळा घेऊन आत आला. अंगाने बारीक होता, म्हणून त्याचेच काम होते. छतावर पालथा पडून तो माझ्या खाली सरकला आणि चारी हातापायांवर उठला, तसे माझे खांदे त्याच्या पाठीवर टेकले. वजन पट्ट्यांवरून उतरले. मला श्वास घेता आला.

"पानी हमईं ने डारो तो," तो म्हणाला. मी विचारले नव्हते.

"काए?"

"धूरा न उड़े, सो।"

"अब मेरा पैर निकालो।"

"हओ, वोई कर रए। हिलियो नईं।"

एका हातावर भार घेऊन दुसऱ्याने वर चाचपडत त्याने आधी बुटाची नाडी कापली. बूट निघाला नाही. मग त्याने विळ्याचे टोक टाचेच्या बाजूने बुटात घातले आणि कातडे वरून खालपर्यंत फाडले. सोबत माझी टाचही फाटली, त्याची खूण आहे. कातीतून साप निघावा तसे पाऊल मोज्यातून ओढले गेले आणि एकदम सुटले. पट्टा त्याने कापला. आम्ही दोघे छतावर एकमेकांवर पडलो. मग कुणीतरी काखेत हात घालून मला ओढले आणि मी बाहेर उजेडात आलो. उजेड फारसा उरला नव्हता. आँधी मैदानावर पोचली होती.

बसलेले लोक अजून बसलेलेच होते, तोंडावर गमछे आणि पदर घेऊन.

आम्हाला मांडवात नेले. कुणीतरी भावाच्या हाताला बांबूची कामटी बांधली. चहा आला. टँकरवाल्याला पाणी टाकायला सांगणारे ते वडीलधारे समोर येऊन बसले आणि भावाकडे पाहून म्हणाले, "काए कप्तान साब, जहाज में सवारी छोड़ कै पैले कप्तान निकरत है का?"

माणसे हसली. हसण्यात वाईट काही नव्हते, जीव वाचल्यावर लोक हसतात. पण उत्तराची वाटही सगळे पाहत होते. भावाने चहाचा पेला खाली ठेवला आणि काही बोलला नाही. बोलला असता तर मी त्याला कसे धरून ठेवले होते, ते सांगावे लागले असते. मला ते समजले होते. मी चहा प्यायलो.

रात्री जीपने झाशीला आणले. इस्पितळात त्याला प्लास्टर झाले, मला टाके पडले. जीपमध्ये मी त्याला म्हणालो, "तिथे मी बोलायला हवं होतं."

"क्या?"

"मी तुला धरलं होतं ते."

"मालूम है। ज़रा उधर सरको, दादा, हाथ पर आ रहे हो।"

पुढे चौकशी झाली. जमीन कशी होती, पाणी कुणी टाकले, उतरण्याआधी दुसऱ्यांदा का पाहिले नाही, हे विचारले गेले. माझ्या जबाबात मी एक परिच्छेद जादा लिहिला: पायलटने माझ्या इच्छेविरुद्ध विमान सोडले, मी त्याला बळाने धरले होते, त्याने माझी बोटे सोडवली नसती तर ट्रॅक्टर थांबला नसता. लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो वाचला आणि पेन्सिलीने कंस केला. "यह भाइयों की बात है," तो म्हणाला. "हमें ज़मीन के बारे में चाहिए।" पक्क्या प्रतीत तो परिच्छेद नव्हता.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र आमच्या आधीच झाशीत पोचला होता. बाजारात, कचेरीत, नातेवाइकांत तो थट्टेने विचारला जात होता आणि भाऊ कुणालाच उत्तर देत नव्हता. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी काठी घेऊन मावशीकडे गेलो. तो बाजेवर पडून होता. पट्ट्याने खांद्यावर काळानिळा वळ उठला होता. मावशी हळद उगाळत होती. तिने मान वर न करता त्याला विचारले, "लोक म्हणतात ते खरं का? दादाला आत टाकून तू बाहेर आलास?"



"खरं आहे," मी म्हणालो. "मी त्याची कॉलर धरली होती, मावशी. त्याने सांगूनही सोडली नाही. त्याने माझी बोटं उचकटली आणि गेला. तो गेला नसता तर माझा पाय नसता. कदाचित आम्ही दोघेही नसतो."

"तू धरलीस?"

"हो."

"याची?"

"हो."

मग तिने वाटीतली हळद बोटावर घेतली. लेप आधी त्याच्या खांद्याला लागला. माझ्या पायाची पाळी त्यानंतर आली.